फौजीला आयुष्मान कार्ड चालते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी आमच्या गावात सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्डांचे शिबिर झाले. रांगेत आम्ही पाच-सहा माजी सैनिक होतो. त्यातल्या एकाला नियम अर्धाच सांगितला गेला आणि दुसऱ्याला सांगितलाच गेला नाही. दोघांचेही नुकसान होता होता राहिले, म्हणून हे पत्र.

पहिला माझा बालमित्र. वडील गेल्यावर शेती बघायला कोणी उरले नाही, म्हणून नऊ वर्षांच्या नोकरीनंतर तो फौज सोडून आला. जवानाला पेन्शनसाठी पंधरा वर्षे भरावी लागतात, त्यामुळे त्याला पेन्शन नाही. पेन्शन नाही म्हणून ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, तीही नाही. रांगेत कोणीतरी म्हणाले, "फौजींना हे कार्ड चालत नाही," आणि तो गुपचूप बाजूला झाला. दोनच वर्षांपूर्वी त्याच्या अँजिओप्लास्टीसाठी मुलाने सोसायटीचे कर्ज काढले होते. घरात केशरी रेशन कार्ड होते, महात्मा फुले योजनेत ती शस्त्रक्रिया बसत होती. पण फौजीचे सगळे सैनिक बोर्डातूनच होते, अशी त्याची समजूत. बोर्डाचे त्याला उत्तर काय मिळाले, तर "तुम्ही ईसीएचएसमध्ये नाही." पुढे काय करायचे, हे कोणी सांगितले नाही.

नियम फौजीला अडवत नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे हे कार्ड मिळते. दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते ती फक्त सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना), ईसीएचएस यांसारख्या सरकारी योजनांचा लाभ आधीच घेणाऱ्यांना. ज्याच्याकडे त्यातले काहीच नाही, त्याने हे कार्ड काढलेच पाहिजे. त्याच्या जोडीला, हवालदारापर्यंतच्या बिनपेन्शनीच्या माजी सैनिकांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची वैद्यकीय मदत आहे. तिचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो. फौज सोडताना मिळालेले डिस्चार्ज बुक ट्रंकेच्या तळाशी ठेवून उपयोग नाही.

दुसरे हवालदार म्हणून निवृत्त झालेले, ईसीएचएसचे जुने सभासद. पाच लाखांचा जादा विमा मिळतोय, या समजुतीने ते अंगठा द्यायला निघाले होते. मी हात धरला. साखर आणि रक्तदाबाच्या ज्या गोळ्या ते दर महिन्याला पॉलिक्लिनिकमधून आणतात, त्या आयुष्मानमध्ये मिळत नाहीत. ती योजना रुग्णालयात भरती झाल्यावरची आहे. २००३ साली सुरू झालेल्या ईसीएचएसमध्ये बाह्यरुग्ण तपासणी आहे, औषधे आहेत आणि उपचाराच्या रकमेला वरची मर्यादा नाही. त्यांच्या पत्नी ६४ वर्षांच्या. वय वंदना कार्ड त्यांना मिळणारच नाही, ईसीएचएसमध्ये मात्र त्या नवऱ्याच्या सभासदत्वावर आहेत. एवढे समजल्यावर ते घरी गेले.

अर्थात, त्यांचा मोह मला कळतो. ईसीएचएसचे संलग्न रुग्णालय साताऱ्याला नाहीतर पुण्याला, त्याआधी पॉलिक्लिनिकचे रेफरल, आणि आयुष्मानचा दवाखाना तालुक्यातच. रात्री छातीत दुखायला लागले तर माणूस काय करील? त्याचीही सोय ईसीएचएसमध्ये आहे: जिवावर बेतले असेल तर जवळच्या कोणत्याही रुग्णालयात न्यावे, ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे, मग मंजूर दरांनी खर्च परत मिळतो. दर कमी आणि बिल जास्त, ही तक्रार खरीच आहे. पण कळवायचेच राहून गेल्याने हक्क हुकलेली घरे मी पाहिली आहेत, त्याचे फार वाईट वाटते.

तरुण निवृत्तांचे आणखी वेगळे. पुण्या-मुंबईत सिक्युरिटीत लागलेल्या आमच्या अनेक पोरांचा पगार २१ हजारांच्या आत असतो आणि त्यातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याचा हप्ता, कापला जातो. "आपल्याला ईसीएचएस आहे" म्हणून ते तिकडे फिरकतच नाहीत. ईसीएचएस औषधोपचार करते, बुडालेला पगार देत नाही. ईएसआयमध्ये अंशदानाच्या अटी पूर्ण असतील तर आजारपणात पगाराच्या ७० टक्के भत्ता, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. पण त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला लागतो. पाय मोडून दोन महिने घरी बसलेल्या माझ्या भाच्याने एक रुपयाही मागितला नाही, कारण मागता येतो हेच त्याला माहीत नव्हते.

माझी विनंती साधी आहे. कार्ड काढणाऱ्याने अंगठा घेण्याआधी तोंडी विचारावे: "तुम्ही फौजेत होता का? पेन्शन आहे का? ईसीएचएस आहे का?" फक्त पहिला प्रश्न विचारून माणसाला परत पाठवू नये. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने हयातीच्या दाखल्यासाठी गर्दी होते त्या नोव्हेंबरात, हीच माहिती मराठीत एका कागदावर छापून प्रत्येकाच्या हातात द्यावी. चार वर्षांनी घरी परतणाऱ्या अग्निवीरांनाही ईसीएचएस नाही, त्यांनाही तो कागद लागेल.

बालमित्राचे कार्ड पुढच्या शिबिरात निघाले. मी सोबत गेलो होतो.

आपला,
एक निवृत्त सुभेदार,
ता. खटाव, जि. सातारा