जबाबदारी एकाची, माणसे दुसऱ्यांची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जलयुक्त शिवारची चर्चा निघाली की ती बहुधा निधी, पोकलेन आणि पाणीपातळी यांभोवतीच फिरते. डिसेंबर 2014मध्ये सुरू झालेल्या आणि 2023मध्ये दुसऱ्या टप्प्यात गेलेल्या या अभियानाची खरी नड मला मात्र वेगळ्या ठिकाणी जाणवली. पहिल्या टप्प्यात तालुका समितीचे अध्यक्ष प्रांताधिकारी असत आणि सदस्य सचिव तालुका कृषी अधिकारी; हे दुसरे काम मी काही वर्षे केले. समितीत वन, लघु पाटबंधारे, महसूल, ग्रामविकास अशा खात्यांची माणसे होती. त्यांच्या कामाचा जाब मला द्यावा लागे; त्यांची रजा, फिरती आणि गोपनीय अहवाल मात्र त्यांच्या-त्यांच्या वरिष्ठांच्या हाती असे.

पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करत यावे लागते. डोंगरावरचे सलग समतल चर (पाणी अडवण्यासाठी उताराला आडवे खणलेले चर) वन खात्याच्या हद्दीत, त्याखाली शेतकऱ्यांच्या रानातली बांधबंदिस्ती कृषी खात्याकडे आणि ओढ्यावरचा सिमेंट बंधारा लघु पाटबंधारेकडे, अशी आमची वाटणी होती. वरचे चर पावसाआधी झाले नाहीत, तर वाहून आलेली माती खालच्या बंधाऱ्यात बसते, आणि आमच्या एका गावात नेमके तेच झाले. पहिल्याच मोठ्या पावसात बंधारा निम्मा गाळाने भरला. शिवारफेरीत आमच्याबरोबर उन्हातान्हात हिंडलेल्या गावकऱ्यांसमोर उभे राहताना मला शब्द सुचेनात. वनरक्षकाने टाळाटाळ केली असे मी आधी धरून चाललो होतो; प्रत्यक्षात त्याच पंधरवड्यात पावसाळी रोपवनाचे खड्डे पुरे करण्याचा आदेश त्याला त्याच्या साहेबांकडून होता, आणि ज्याच्या हाती आपला अहवाल आहे त्याचे काम माणूस आधी करणारच. चूक माझीही होती. मी कर्मचाऱ्यांना थेट पत्रे धाडत होतो आणि बैठकीत सर्वांदेखत त्यांनाच जाब विचारत होतो.

पुढच्या वर्षी गाव आराखडा ग्रामसभेत मंजूर होताच मी आधी प्रत्येक खात्याच्या अधिकाऱ्याकडे स्वतः गेलो आणि त्यांच्या माणसांचा वर्षाचा धबडगा समजून घेतला. मार्चअखेर ग्रामसेवक घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीत आणि तलाठी महसूल वसुलीत गुंतलेले असतात. जूनमध्ये कृषी सहायकाला खरिपापुढे दुसरे काही दिसत नाही. या तारखा टाळून कामे लावली. चांगल्या कामाचे पत्र मी त्या कर्मचाऱ्याला न देता त्याच्या वरिष्ठांना पाठवू लागलो आणि प्रत त्याला देऊ लागलो. एवढ्याने बैठकीतली उपस्थिती बदलली, हे मी खात्रीने सांगू शकतो.

पण हे सारे ओळखीवर आणि सद्भावनेवर चालले होते. एका अधिकाऱ्याची बदली झाली की घडी विस्कटे. निवडणुकीच्या कामात असे होत नाही, कारण लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951च्या कलम 28अ नुसार त्या काळात नेमलेले अधिकारी-कर्मचारी निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते आणि आयोगाच्या नियंत्रणाखाली व शिस्तीखाली येतात. इतका कडक अधिकार जलसंधारणाच्या समितीला द्यावा, असे माझे म्हणणे नाही.

मात्र शासनाने तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कर्मचाऱ्याचे महिन्यातले किती दिवस अभियानाचे, हे त्याच्या मूळ खात्याच्या आदेशातच लिहिलेले असावे. प्रतिवेदन अधिकाऱ्याने, म्हणजे अहवाल लिहिणाऱ्या वरिष्ठाने, कार्यमूल्यमापन अहवाल (वर म्हटलेला गोपनीय अहवाल) लिहिण्यापूर्वी सदस्य सचिवाचा लेखी अभिप्राय त्याला जोडणे बंधनकारक करावे. आणि दोन खात्यांचे आदेश एकाच आठवड्यात आले, तर कोणते काम आधी हे प्रांताधिकाऱ्यांनी दोन दिवसांत ठरवून द्यावे. मे महिन्यात यापेक्षा जास्त थांबायला वेळ नसतो.

आपला,
एक निवृत्त कृषी अधिकारी, सातारा