तुम्ही पंखा बंद केलात, त्याबद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार. तुमचे नाव मी या पत्रात घालत नाही, कारण चारचौघांत नाव घेतलेले तुम्हाला रुचणार नाही, हे एका दुपारच्या ओळखीवरूनही मला कळते. वागळे इस्टेटमध्ये पत्र्याच्या छपराखाली ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग करणारे काका एवढे म्हटले, तरी तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांना हे पत्र कोणासाठी आहे ते समजेल. मे महिन्यातील त्या दुपारला आता तीन आठवडे झाले. दोनदा तुमच्या दुकानाच्या वळणापर्यंत येऊन मी परत फिरलो, कारण समोर उभे राहून हे सारे मला बोलता आले नसते.

माझे वडील ठाण्यातील एका एकपडदा चित्रपटगृहात 36 वर्षे प्रोजेक्टर चालवीत होते. ते चित्रपटगृह बंद झाले, तेव्हा मालकांनी पडद्यामागचे दोन कर्णे, खालच्या लाकडी पेट्यांसह, वडिलांना देऊन टाकले. ते नौपाड्यातील आमच्या घरी जुन्या धोतराखाली झाकून ठेवलेले होते. वडील आता 84 वर्षांचे आहेत आणि आपले कर्णे एकदा पुन्हा वाजलेले ऐकावेत, एवढी एकच गोष्ट त्यांनी माझ्याकडे गेल्या दिवाळीत मागितली. माझ्या हाती 9,000 रुपये होते, आणि तरुणपणी रेडिओ दुरुस्तीच्या छंदातून मिळालेले थोडेफार ज्ञान.

कर्ण्यांना ताकद फार लागत नाही, हे मला ठाऊक होते. बोलपट आले त्या काळी ॲम्प्लिफायर मोजक्या वॉटचे असत, आणि तेवढ्यात सारे प्रेक्षागृह भरावे म्हणूनच कर्ण्याचा घेर एवढा मोठा ठेवला जाई. आमच्या कर्ण्यातून 1 वॉटला 1 मीटरवर सुमारे 102 डेसिबल आवाज निघतो. घरगुती स्पीकरमधून साधारण 87 निघतो. या 15 डेसिबलचा अर्थ असा, की जिथे त्या स्पीकरला 32 वॉट द्यावे लागतात, तिथे या कर्ण्याला 1 वॉट पुरतो. म्हणून मी व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असे ती काचेची नळी) आणि मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) यांच्या जोडीचा ॲम्प्लिफायर आखला. ईसीसी 82 या व्हॉल्व्हने मोबाइलमधून येणारा अर्धा व्होल्ट तेरा-चौदा पटींनी वाढवायचा, आणि पुढे आयआरएफपी 240 या मॉसफेटने व्होल्टेज न वाढवता केवळ करंटचा भार उचलायचा. असे केले, की व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर ज्याच्यामुळे महाग होतो, तो व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर मुळातच लागत नाही. सगळे सामान मी लॅमिंग्टन रोडवरून आणले आणि मॉसफेटची उष्णता बाहेर टाकणारे हीटसिंक भंगारातून, वजनावर.

पण जो कर्णा 1 वॉटमध्ये खोली भरून टाकतो, तो ॲम्प्लिफायरमधील प्रत्येक दोषही तितक्याच मोठ्याने ऐकवतो. साध्या स्पीकरवर कानाला न जाणवणारे 6 मिलिव्होल्टचे हम, म्हणजे विजेची सततची गुणगुण, आमच्या 16 ओहमच्या कर्ण्यावर सुमारे 45 डेसिबलचे होते, म्हणजे गाण्यातील प्रत्येक विरामात कोणीतरी खोलीत भुणभुणते आहे असे वाटते. वडिलांनी पहिल्या रात्री पाच मिनिटे ऐकले, मला वाईट वाटू नये म्हणून “छान आहे” म्हणाले आणि झोपायला गेले. त्या “छान आहे”नंतर मला दोन महिने नीट झोप लागली नाही.

त्या दोन महिन्यांत मी ज्यांच्या ज्यांच्या दारात गेलो, त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय तुमचे आभार पुरे होणार नाहीत. एका दुरुस्तीच्या दुकानाने ॲम्प्लिफायर 11 दिवस ठेवून घेतला, तपासणीचे 800 रुपये घेतले आणि “मॉसफेट बदलून बघा” असे सांगून परत दिला. घरी आल्यावर पाहिले, तर पेटीच्या स्क्रूंवर मी लावलेले लाल रंगाचे ठिपके जसेच्या तसे होते, एकही फुटलेला नव्हता. दुसऱ्या एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी, लाखभर रुपये खर्च करण्याची तयारी नसेल तर व्हॉल्व्हच्या वाटेला जाऊच नये आणि मॉसफेट लावून व्हॉल्व्हचा अपमान तर मुळीच करू नये, असे मला उभ्या उभ्या ऐकवले. तिसऱ्या ठिकाणी तर मी हमची तक्रार सांगत असतानाच त्यांनी ढोल-ताशाचे गाणे मोठ्या आवाजात लावले आणि “कुठे आहे हम? आवाज तर खणखणीत आहे” असे म्हणून पेटी माझ्याकडे सरकवली. मला राग आला तो त्यांना दोष सापडला नाही म्हणून नव्हे. दोष शोधण्यासाठी लागणारी अर्ध्या मिनिटाची शांतता त्यांच्यापैकी एकानेही मला दिली नाही, म्हणून.

तुमच्याकडे मी खरे तर हार मानूनच आलो होतो. मॉसफेटचा नाद सोडावा आणि तुमच्याकडून आउटपुट ट्रान्सफॉर्मरची जोडी करून घ्यावी, असा माझा विचार होता. ते काम तुमच्या हातचे, मोठ्या कमाईचे, आणि मी पैसे उसने घेऊन तुमच्यासमोर उभा. तुम्ही आधी एवढेच विचारलेत, की कर्णे किती ओहमचे आहेत. तोपर्यंत कोणीही मला हे विचारले नव्हते. 16 म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, की 1.2 अँपिअरचा बायस, म्हणजे मॉसफेटमधून सतत वाहणारा करंट, 8 ओहमच्या हिशोबाने ठेवला आहे, 0.9 पुष्कळ झाला, उगाच हीटसिंक तापवू नका. आणि मग, “ट्रान्सफॉर्मरचे नंतर बघू. आधी ऐकू तर द्या.”

त्यानंतर तुम्ही जे केलेत, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही मुलाला वाइंडिंगचे मशीन थांबवायला सांगितलेत, शटर अर्धे खाली ओढलेत, आणि स्वतः उठून पंखा बंद केलात. वर मे महिन्याने तापलेला पत्रा होता. मी सोबत आणलेल्या एका कर्ण्याच्या तोंडाशी तुम्ही खाली जमिनीवर मांडी घालून बसलात, कान लावलात आणि डोळे मिटलेत. घाम तुमच्या कानामागून सदऱ्याच्या कॉलरपर्यंत ओघळत होता आणि तुम्ही तो पुसला नाही, कारण हात हलला असता तर कापडाचा आवाज झाला असता. असे किती मिनिटे गेली, मला सांगता येणार नाही. एका अनोळखी माणसाच्या तक्रारीला इतक्या गांभीर्याने घेतलेले मी त्याआधी कुठेही पाहिले नव्हते, दवाखान्यातही नाही.

डोळे उघडून तुम्ही हमविषयी म्हणालात, “हा शंभराचा आहे, पन्नासचा नाही.” मग व्हॉल्व्ह सॉकेटमधून काढायला सांगितलात; हम तसेच राहिले. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या तारांचे असते तर ते घरच्या विजेसारखे 50 हर्ट्झचे असते. हे एक सप्तक वरचे, 100 हर्ट्झचे, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर कपॅसिटर भरताना करंटचे जे झटके बसतात, त्यांचे होते, आणि व्हॉल्व्ह काढल्यावरही ते टिकले, म्हणजे वाट त्याच्या पुढची होती. मी सिग्नलचे ग्राउंड, म्हणजे त्याची परतीची जोडणी, ज्या तारेवर जोडले होते, त्याच तारेतून ते झटके जात होते. एक तार, चार बोटे लांब. ती पहिल्या कपॅसिटरवरून सोडवून दुसऱ्यावर न्यायची होती. तुम्ही सोल्डरिंग आयर्न तापवलेत आणि दांडा माझ्याकडे करून पुढे धरलात. तुम्ही स्वतः ते दहा सेकंदांत केले असते. पण वडिलांसाठी केलेली वस्तू शेवटपर्यंत मुलाच्याच हातची राहावी, हे तुम्ही मला न सांगता जाणलेत. जोडून झाल्यावर मीटरवर अर्ध्या मिलिव्होल्टहूनही कमी दिसले. तुम्ही मीटरकडे पाहिलेही नाही.

पैसे विचारल्यावर तुम्ही म्हणालात, की मी तर काहीच वाइंडिंग केले नाही. कित्येक दिवसांच्या कामावर पाणी सोडून तुम्ही हे म्हणत होतात. त्या दिवशी परतताना ठाणे परिवहनच्या बसमध्ये वाहकाने माझ्या हातातील जड पेटी पाहून आपली बसण्याची जागा तिच्यासाठी मोकळी करून दिली, आणि कर्णा पुढे एका विद्यार्थिनीने मांडीवर धरला. एरवी मी हे विसरूनही गेलो असतो. तुमच्याकडून निघालेल्या माणसाला त्या दिवशी सगळीकडे चांगली माणसे दिसत होती, आणि मला वाटते, ती रोजच तिथे असतात.

रात्री सगळे जोडून झाल्यावर मी वडिलांना बोलावले. गाणे लावायच्या आधीच ते कर्ण्यासमोर येऊन बसले, थोडा वेळ वाट पाहिली आणि मला विचारले, “चालू केलास का?” मी हो म्हटले. त्यांना पटले नाही. खुर्चीतून उठून त्यांनी हीटसिंकवर तळहात ठेवला, तो गरम लागल्यावर पुन्हा बसले, आणि मग कितीतरी वेळ त्यांनी मला गाणे लावूच दिले नाही.

काका, वडिलांना तुम्हाला भेटायचे आहे. त्यांना जिना उतरणे आता जमत नाही, म्हणून तुम्हालाच नौपाड्यापर्यंत यावे लागेल. एखाद्या रविवारी सकाळी मी स्वतः रिक्षा घेऊन तुम्हाला न्यायला येतो. मुलालाही बरोबर आणा. मशीन थांबवल्यावर तो हलला नाही, खोकलासुद्धा नाही, हे माझ्या लक्षात आहे.

तुमचा कृतज्ञ,
तीन आठवड्यांपूर्वी कर्णा घेऊन आलेला नौपाड्याचा गिऱ्हाईक