बिल्डरची जबाबदारी संपण्याआधी सौर, एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण) आणि पर्जन्यजल यंत्रणा तपासून घेण्याबाबत

पुणे
दि. 10 मे 2026

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

सप्रेम नमस्कार,

फ्लॅट बुक करताना मिळालेल्या माहितीपत्रकात सोलर, एसटीपी आणि पर्जन्यजल संधारण ठळक अक्षरांत छापलेलं होतं. त्या भरवशावर आमच्यासारख्या अनेकांनी इथे घर घेतलं. गेल्या रविवारी पाणी सोडणाऱ्या काकांसोबत गच्चीपासून तळघरापर्यंत फिरून हे सगळं पाहिलं. ते आपल्या कानावर घालायचं आहे.

आधी एसटीपी. वासाच्या तक्रारी आल्या म्हणून शुद्ध केलेलं पाणी फ्लशच्या टाकीत चढवणं दीड वर्षापासून बंद आहे. वास का येत होता, हे ऑपरेटरनेच सांगितलं. वीजबिल कमी व्हावं म्हणून रात्री ब्लोअर (टाकीतल्या सांडपाण्यात हवा सोडणारं यंत्र) बंद ठेवला जायचा. सांडपाण्यातली घाण खाणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. रात्रभर ती मिळाली नाही की पाणी कुजतं आणि वास सुटतो. थोडी वीज वाचवण्यापायी प्रत्येक घरातली फ्लशची वेगळी पाइपलाइन आपण वाया घालवली आहे आणि उन्हाळ्यात टँकरचं विकतचं पाणी संडासात ओततो आहोत. याचं मला मनापासून वाईट वाटतं. ब्लोअरला टायमर लावून रात्रीही ठरावीक अंतराने चालवावा, आणि पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून ते पुन्हा फ्लशला द्यावं, ही माझी पहिली विनंती.

पाऊस महिन्याभरावर आला आहे. गच्चीचं पाणी बोअरकडे नेणारा पाइप कुणीतरी थेट गटाराला जोडलाय, आणि फिल्टरच्या खड्ड्यात कुणाच्या तरी घरातल्या फुटक्या फरश्या पडल्या आहेत. आपली गच्ची सुमारे 600 चौरस मीटर आहे. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला असं मानलं, तरी तीन लाख लिटरहून जास्त पाणी होतं. म्हणजे दहा हजार लिटरचे तीसहून अधिक टँकर. खड्डा साफ करणं दोन दिवसांचं काम आहे.

सोलर हीटरच्या नळ्यांवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसलाय. ती देखभाल आपलीच. पण गरम पाण्याच्या पाइपांवर आवरण कधी घातलेलंच नाही आणि पाइपातलं गार झालेलं पाणी पुन्हा टाकीकडे फिरवणाऱ्या परतीच्या लाइनवर पंपही नाही. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावर आम्ही दीड बादली गार पाणी सोडतो, तेव्हा कुठे कोमट येतं. शेवटी बरीच घरं गीझरच लावतात. वीज बनवणारे सोलर पॅनेल मात्र चालू आहेत, फक्त धुळीने माखलेत.

घाई एवढ्यासाठी की रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत दाखवून दिलेले बांधकामातले आणि सुविधांमधले दोष बिल्डरने 30 दिवसांत, विनाशुल्क दुरुस्त करायचे असतात. आपले पहिले ताबे नोव्हेंबर 2021 चे आहेत. आवरण आणि पंप बिल्डरच्याच खात्यात जातात. त्यासाठी सभासदांकडून वर्गणी काढू नये. शिवाय महापालिकेच्या मिळकतकरात सौर आणि पर्जन्यजल यंत्रणांसाठी जी सवलत मिळते, ती त्या प्रत्यक्ष चालू असल्या तरच टिकते. पाहणीला अधिकारी आले, तर आज आपण त्यांना काय दाखवणार?

या महिन्यातच बिल्डरचा अभियंता, एसटीपीचा ऑपरेटर आणि समिती यांची एकत्र पाहणी ठेवावी, फोटोंसह लेखी यादी करावी आणि ती बिल्डरला पोचपावतीसह द्यावी. मी काढलेले फोटो आणि टिपणं सोबत जोडली आहेत. रविवारी सकाळी मी घरीच असते, पाहणीला येईन. पर्जन्यजलाचा खड्डा मात्र या पाहणीची वाट न बघता आधी साफ करून घ्यावा.

आपली विश्वासू,
एक सभासद, बी विंग, दुसरा मजला