मीमखाली करणाऱ्याचं नाव छापा

माननीय संपादक,

आपल्या रविवार पुरवणीत ऑनलाइन विनोदी व्हिडिओ आणि मीम करणाऱ्या तरुणांवर लेख आला. या मुलांची दखल एरवी वाद झाला तरच घेतली जाते, म्हणून विषय पाहून आनंद झाला. मात्र लेखाचा सूर ‘एका रात्रीत नशीब उघडलं’ असा होता आणि सोबतच्या चारही मीमखाली ‘सौजन्य : समाजमाध्यम’ एवढंच छापलं होतं. मी व्यवसायाने व्हिडिओ संकलक आहे, त्यातही विनोदी व्हिडिओंचं काम जास्त करते. या दोन्ही गोष्टी मला सारख्याच खटकल्या.

एका रात्रीत काही होत नाही. दीड मिनिटाच्या व्हिडिओचं स्क्रिप्ट चार-पाच वेळा लिहिलं जातं, कारण मित्रांत सांगताना हमखास हशा मिळवणारा किस्सा कॅमेऱ्यासमोर पडतो. लिहिणारा, कॅमेरा लावणारा आणि शर्ट बदलून बॉस, आई, शेजारी अशी सगळी कामं करणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. मग ते चित्रीकरण माझ्याकडे येतं. विनोदाच्या संकलनात हिशेब फ्रेमचा, म्हणजे व्हिडिओ ज्यांचा बनतो त्या एकेका स्थिर चित्राचा असतो. वाक्य संपल्यावर समोरच्याचा चेहरा किती वेळ धरायचा, यावर हसू येणार की नाही हे ठरतं. चार-पाच फ्रेम जास्त झाल्या तर विनोद समजावून सांगितल्यासारखा वाटतो, तेवढ्याच कमी पडल्या तर तो पोचत नाही. रंगमंचावरच्या नटाला हा थांबा समोरच्या प्रेक्षकांच्या श्वासावरून कळतो; इथे तो अंदाजाने पकडावा लागतो. शिवाय अनेक जण आवाज बंद ठेवून बघतात, त्यांच्यासाठी सबटायटल हवीत. पंचची, म्हणजे हशा आणणारी ओळ उच्चारण्याआधी अक्षरांत दिसली की सगळं फुकट जातं, म्हणून ती तोडून दोन तुकड्यांत दाखवायची. असं काम वर्षानुवर्षं चालतं, तेव्हा कुठे एखादा व्हिडिओ ‘व्हायरल’ होतो. टिकटॉकवरचा खाबी लाम घ्या. एक शब्दही न बोलता हसवणाऱ्या या तरुणाची इटलीतली कारखान्यातली नोकरी मार्च 2020 मध्ये गेली आणि त्याने व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. टिकटॉकवरचा सर्वाधिक फॉलोअर असलेला माणूस तो झाला जून 2022 मध्ये. मधल्या सव्वादोन वर्षांबद्दल कोणी लिहीत नाही.

पैशांबद्दलही लेखात भाबडेपणा होता. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायला 1000 सबस्क्राइबर लागतात आणि त्यासोबत बारा महिन्यांत 4000 तासांचं पाहणं किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे (तिथल्या आखूड उभ्या व्हिडिओंचे) 1 कोटी व्ह्यूज. विनोद जात्याच आखूड असतो. दोन मिनिटांच्या व्हिडिओवर 4000 तास भरायचे तर तो 1,20,000 वेळा शेवटपर्यंत पाहिला जायला हवा. तासभर गप्पा मारणाऱ्या चॅनेलला हे गणित सोपं जातं, नेमकं बोलणाऱ्या विनोदकाराला अवघड. त्यानंतर लांब व्हिडिओवरच्या जाहिरात उत्पन्नातले 55 टक्के त्याला मिळतात. शॉर्ट्सचा दर 45 टक्के, तोही सगळ्यांच्या एकत्र गोळा झालेल्या रकमेतून व्ह्यूजच्या प्रमाणात आलेल्या हिश्श्यावर. स्थिर चित्राचं मीम करणाऱ्याला जाहिरातीतला वाटा जवळजवळ मिळतच नाही. त्याची मदार ब्रँड डीलवर, म्हणजे कंपन्यांच्या जाहिरातीसाठी मिळणाऱ्या कामावर, आणि ब्रँड विचारतो की तुमचं नाव किती लोकांना माहीत आहे.

या धंद्यात जमा होणारी एकमेव पुंजी म्हणजे नाव, कारण पायाखालची जमीन कधीही सरकते. व्हाइन हे सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं ॲप जानेवारी 2013 मध्ये आलं. एवढ्याशा वेळात विनोद बसवायची कला त्यावर एका पिढीने घडवली. ऑक्टोबर 2016 मध्ये मालक कंपनी ट्विटरने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. फॉलोअर दुसरीकडे उचलून नेता येत नाहीत. ज्यांचं नाव प्रेक्षकांच्या तोंडी होतं त्यांना लोकांनी यूट्यूबवर शोधून काढलं, ज्यांचा नुसता विनोद माहीत होता ते मागे राहिले. कॉलेजह्यूमर या विनोदी व्हिडिओ करणाऱ्या अमेरिकी कंपनीची गोष्टही हेच सांगते. जानेवारी 2020 मध्ये तिथल्या शंभराहून अधिक लोकांच्या नोकऱ्या गेल्या. सॅम राइक या त्यांच्यातल्याच कलाकाराने कंपनी हाती घेतली आणि प्रेक्षकांच्या वर्गणीवर चालणारी ‘ड्रॉपआउट’ ही सेवा पुढे नेली. लोकांनी पैसे मोजले, कारण त्यांना हे चेहरे नावानिशी ठाऊक होते.

म्हणूनच नाव कापलं जाणं मला गंभीर वाटतं. एखादं पेज मूळ व्हिडिओ उतरवून घेतं, कोपऱ्यातला वॉटरमार्क, म्हणजे कर्त्याच्या नावाची खूण, क्रॉप करतं, कधी चित्र आडवं उलटवतं आणि स्वतःच्या लाखो फॉलोअरपुढे टाकतं. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा 2007 पासून चित्र आणि आवाज जुळवून नक्कल ओळखते, पण दुसऱ्याचा विनोद नव्याने अभिनय करून टाकला तर तिला काही सापडत नाही. मीमला तर तेवढंही कवच नसतं. 2019 मध्ये इन्स्टाग्रामवरच्या एका बड्या मीम-खात्याविरुद्ध विनोदकारांनी जाहीर मोहीम उघडली, तेव्हा त्या खात्याला यापुढे आधी परवानगी घेऊ असं सांगावं लागलं. एप्रिल 2024 मध्ये तर खुद्द इन्स्टाग्रामनेच सांगितलं की एकसारख्या पोस्ट असतील तर शिफारशींत मूळ कर्त्याची पोस्ट दाखवू आणि सतत दुसऱ्यांचं उचलणाऱ्या खात्यांची शिफारस थांबवू. कर्ता सिद्ध करता येतो तेव्हा काय होतं, हेही दिसलं आहे. 2011 मधल्या ‘न्यान कॅट’ या उडत्या मांजराच्या चित्राचा कर्ता ख्रिस टोरेस याने दहा वर्षांनी त्याची डिजिटल आवृत्ती लिलावात सुमारे 300 इथर या आभासी चलनाला विकली. अर्थात असे योग फार थोड्यांच्या वाट्याला येतात.

वर्तमानपत्राने तरी याहून मागे राहू नये. व्यंगचित्रकाराची सही आपण कधी कापत नाही. मीम करणारा त्याच कुळातला आहे: दिवसभर बातम्या वाचतो, नेमकं चित्र निवडतो आणि दोन ओळींतला एकेक शब्द गाळत जातो. त्या चारपैकी दोन मीमचे कर्ते मला माहीत आहेत. त्यांच्या संमतीने त्यांची खाती आणि मूळ पोस्टच्या तारखा सोबत पाठवत आहे. दुरुस्तीच्या चौकटीत त्या जरूर छापाव्यात.

पुढच्या वेळी मीम छापण्याआधी चित्राचा उलटा शोध घ्यावा, म्हणजे शब्दांऐवजी ते चित्रच सर्च इंजिनला देऊन ते आधी कुठे आलं हे पाहावं; पुष्कळदा पहिली पोस्ट सापडते. कर्त्याला संदेश पाठवून विचारावं. खरं नाव नको असेल तर खात्याचं नाव द्यावं, कित्येकांना तेच हवं असतं. कर्ता सापडलाच नाही, तर दुसरं मीम निवडावं. आणि व्यंगचित्राला आपण जे मानधन देता, तेवढंच याला द्यावं.

आपली नम्र,
एक वाचक, व्हिडिओ संकलक