प्लॉट नंबर ११२ वरून

ता. पवनी, जि. भंडारा

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

सिडकोच्या सोडतीत तळोज्याचं घर लागलं आणि "बाबा, घेऊ का सोडू?" एवढं विचारून तू मोकळी झालीस. फोनवर मला धड बोलता येत नाही, मध्येच तुझी आई फोन ओढून घेते. म्हणून लिहायला बसलो.

खारघरला तुझ्याकडे महिनाभर राहिलो, त्यातले पहिले चार दिवस मी गेटवरच अडकत होतो. वॉचमन विचारायचा, "कोणाकडे?" मी म्हणायचो, "घरी." त्याला फ्लॅट नंबर पाहिजे असायचा आणि मला ए विंग की बी हेच आठवायचं नाही. इमारती सगळ्या एका साच्यातल्या. तू हसलीस, पण मला ते नवं नव्हतं. धरणात गाव गेलं तेव्हा तू तिसरीत होतीस. नव्या गावठाणात आलो त्या आठवड्यात मी रात्री दोनदा दुसऱ्याच्याच दाराची कडी वाजवली होती.

गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ चं, राजीव गांधींच्या हातचं. आपलं गाव उठायला पुढे वीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत नकाशा मात्र पक्का झाला होता. सरळ रस्ते, शाळा, समाजमंदिर, स्मशानभूमीसुद्धा. अठरा नागरी सुविधा म्हणत साहेब लोक. प्लॉट चिठ्ठ्या काढून वाटले. आपल्याला ११२ आला आणि तुझ्या आईची शेजारीण गेली पार दुसऱ्या टोकाला. आई अजून म्हणते, "भाजीची वाटी न्यायची तं आता चप्पल घालाव लागते." नकाशात बसायला जागाच नव्हती. पिंपळ लावून पार आम्हीच बांधला. त्याला सावली यायला दहा वर्षं लागली.

तुमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे जुनं गाव आहे, तू कधी गेलीस का? मी रोज सकाळी तिकडे जायचो. अरुंद गल्ली, छोटं देऊळ, वाळत घातलेल्या मासळीचा वास. तिथे एक सत्तरीचे आगरी काका ओट्यावर बसायचे. मी धानवाला आहे म्हटल्यावर माणूस खुलला. आपण बांधी म्हणतो, ते खाचर म्हणतात. आपली रोवणी, त्यांची लावणी. मग त्यांनी बोट दाखवलं. तुझी बी विंग उभी आहे तिथेच त्यांचं खाचर होतं.

१९७० साली सिडको आली. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घ्यायची ठरली. भातशेती गेली, मिठागरं गेली. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटील यांच्या मागे लोक उरणजवळ जासईला उभे राहिले, गोळीबार झाला, पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. काका हे सगळं बिडी विझवून सांगत होते. मी ऐकत होतो आणि मनात हिशेब चालला होता, आम्हाला कोणी साडेबारा टक्के दिले असते तर? असो. ते उगाळून आता काय.

तर घर घे. सोडू नकोस. भाड्यात पैसे जातातच आहेत. पण माहितीपत्रकावरची हिरवळ बघून नको. एप्रिलमध्ये एकदा जा आणि शेजारच्या इमारतीत दिवसाला किती टँकर येतात ते मोज. आम्ही होतो तेव्हा तुमच्याकडे दिवसाआड येत होता आणि तुझी आई तांदूळ धुतलेलं पाणी साठवून ठेवायची. जुलैत परत जा. डोंगराचं पाणी कुठून उतरतं, कोणता नाला बुजवला, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचार, ऑफिसातल्या पोराला नको. बेलापूर ते पेंधर मेट्रो झाली, ११ स्टेशनं, छान आहे. पण पेंधरला उतरून घरापर्यंत रात्री नऊला एकदा पायी चालून बघ. जावईबापूंना सोबत घेऊ नको, तू एकटी चाल. रोज एकटीलाच यायचं आहे.

मोबदल्यातली उरलेली एफडी मोडतो. आईशी बोललो, ती तयार आहे. उरलेली तीन एकर मात्र विकायचं मनात आणू नकोस.

कायमचं राहायला या म्हणतेस, त्याचं आत्ता काही सांगत नाही. चार महिने येऊ, रोवणी आटोपली की. घर तळमजल्याजवळ मिळालं तर बरं, लिफ्टमध्ये तुझ्या आईला भोवळ येते.

दिवाळीनंतर चिनोर तांदूळ पाठवतो, दोन पोती. एक तुझं. दुसरं त्या काकांच्या ओट्यावर पोचतं कर. नाव विचारायचं राहूनच गेलं. धानवाल्याने पाठवलं म्हण, ओळखतील.

तुझा,
बाबा