येण्याआधी वाचावे म्हणून: आई-बाबांना पत्र

नागपूर,
दि. २० जुलै २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पोळ्याला तुम्ही दोघे इकडे येणार आणि दिवाळीपर्यंत राहणार, हे कळल्यापासून घरात सगळेच आनंदात आहेत. बाबा, मागे फोनवर तुम्ही विचारले होते की, थेरपीच्या मॅडम सोनूवर नेमका कोणता उपचार करतात. औषध नाही, सुई नाही, नुसती खेळणी मांडून बसलेल्या दिसतात. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर फोनवर उभ्या उभ्या देण्यासारखे नाही. शिवाय त्या उत्तरात तुम्हां दोघांसाठीही एक मोठे काम आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

जन्माच्या सुमारास सोनूच्या मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली. मेंदूचा हा भाग शरीराच्या उजव्या बाजूवर ताबा ठेवतो, त्यामुळे त्याचा उजवा हात आणि उजवा पाय ताठर राहतो. यालाच डॉक्टर सेरेब्रल पाल्सी म्हणतात. ही इजा वाढत जात नाही आणि पूर्ण भरूनही येत नाही. मात्र मुलाची हाडे वाढत असतात आणि ताठर स्नायू त्यांच्या बरोबरीने लांबत नाहीत, त्यामुळे लक्ष दिले नाही तर सांधे आखडू लागतात. म्हणूनच व्यायाम आणि स्प्लिंट, म्हणजे हातपाय नीट धरून ठेवणारी आधाराची पट्टी, चुकवून चालत नाही. आई, ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले, अमुक खाल्ले म्हणून तमुक झाले, या बोलण्याचा या आजाराशी काडीचाही संबंध नाही. तू असले काही मनात आणत नाहीस हे मला ठाऊक आहे. तरी स्पष्ट लिहितो, कारण लोकांच्या अशा बोलण्याने तुझी सून आतून पार खचली होती, आणि ‘यात तुमचा काहीही दोष नाही’ असे तिला समोर बसवून शांतपणे सांगणाऱ्या पहिल्या व्यक्ती या मॅडमच होत्या.

फिजिओथेरपिस्ट मुख्यतः त्याचे चालणे, तोल आणि स्नायूंची ताकद पाहतात. आपल्या मॅडम ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे व्यवसायोपचार तज्ज्ञ, आहेत; त्या त्याचा सबंध दिवस पाहतात: जेवण, आंघोळ, कपडे, संडास, खेळ, शाळेतले लिहिणे. पहिल्या भेटीत मॅडमनी त्याच्या हाताला हात लावला तो थोडा वेळच. बाकी सगळा वेळ त्या आम्हांलाच विचारत होत्या की घरात कोणत्या वेळी सर्वांत जास्त ओढाताण होते आणि सोनूला कोणती एक गोष्ट स्वतः करता आली तर तुम्हांला सर्वांत जास्त बरे वाटेल. तुमची सून म्हणाली, शाळेत त्याला आपला डबा आपण उघडता यावा. मॅडमनी तेच उद्दिष्ट म्हणून लिहून घेतले. पुढे त्यांनी शाळेचाच डबा मागवला आणि त्या एका कामाचे बारीक बारीक तुकडे पाडले: डबा पोटाशी घ्यायचा, उजव्या हाताचा तळवा त्यावर दाबून धरायचा, डाव्या हाताच्या अंगठ्याने कडी वर ढकलायची, मग झाकण. यातले कुठे अडते हे त्यांनी पाहिले तेव्हा कळले की अडचण बोटांत नव्हती, खुर्चीत होती. पाय अधांतरी लोंबत असल्यामुळे त्याची सगळी शक्ती तोल सांभाळण्यातच जात होती. पायांखाली लाकडी पाट ठेवल्याबरोबर उजवा हात डब्यावर टिकू लागला. पाटाला काही खर्च आला नाही, पण तो कुठे ठेवायचा हे कळायला जे शिक्षण लागते ते मोठे आहे.

बाबा, मॅडमना सोनू आठवड्यातून दोनदा, तेही पाऊण तास भेटतो. बाकीचा सगळा आठवडा तो आपल्या हातांत असतो. म्हणून त्यांचे खरे काम आम्हांला शिकवण्याचे आहे, आणि आता तुम्ही येणार म्हणून तुम्हांलाही. मालिशने त्याला बरे वाटते, ती जरूर करा. पण दुसऱ्याने हात हलवून दिल्याने मेंदू काम शिकत नाही, मुलाने स्वतः, मनापासून, पुन्हा पुन्हा केलेल्या कामानेच तो शिकतो.

आई, आता जे लिहितो ते तुला जड जाईल. सोनू डाव्या हाताने जेवतो. तू लहानपणी आम्हां भावंडांना डावा हात ताटाकडे नेऊ दिला नाहीस, आणि देवाचा प्रसाद डाव्या हाताने घेतलेला तुला पाहवणार नाही, हे मला पूर्ण कळते. पण त्याचा डावा हात हाच त्याचा कर्ता हात आहे आणि तो तसाच राहणार. उजव्या हाताला मॅडमनी दुसरे काम दिले आहे: ताटाचा काठ धरून ठेवण्याचे. ताटाखाली ओले फडके पसरले म्हणजे ते सरकत नाही. चमच्याच्या दांडीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून ती जाड केली आहे. आणि वरणभात जरा घट्टच कालवायचा, म्हणजे तो चमच्यावरून ओघळत नाही. थोडे सांडेल, वेळ लागेल, वरण गार होईल. तुझा जीव तुटेल आणि हात आपोआप घास भरवायला पुढे जाईल, तेव्हा कृपा करून थांब. त्याने मागितले तर मदत कर, आणि तीही अडलेल्या घासापुरती.

रोज दुपारी ठरलेला वेळ आम्ही त्याच्या चांगल्या, म्हणजे डाव्या हातात एक मऊ मोजा घालतो आणि त्या वेळात उजव्या हाताने खेळायचे खेळ काढतो: मोठे ठोकळे पाडणे, फुगा मारणे, कणकेचे गोळे दाबणे. पाहणाऱ्याला हा जुलूम वाटू शकतो. कारण असे आहे की एक हात पटकन काम करत असला म्हणजे मूल दुसऱ्या हाताला विसरूनच जाते, आणि न वापरलेला हात आणखी मागे पडतो. हा उपचार जगभर मान्य आहे. मात्र किती वेळ आणि कसा करायचा हे थेरपिस्टनेच ठरवायचे असते, आपल्या मनाने वाढवायचे नसते. तो कंटाळून रडू लागला तर खेळ बदलायचा. खेळ संपवायचा की नाही, हे आमच्यावर सोडा.

कपड्यांचेही सांगून ठेवतो. शर्ट घालताना आधी उजवा, म्हणजे ताठर हात बाहीत घालायचा आणि काढताना आधी डावा बाहेर काढायचा. उलट केले तर खांद्याला ओढ बसते. चड्डी आपण कमरेपर्यंत आणून द्यायची आणि शेवटचे वर ओढणे त्याच्याकडे ठेवायचे. शेवटची पायरी त्याची असली म्हणजे काम पुरे केल्याचे समाधान त्याला मिळते. ती पक्की झाली की तिच्या आधीची पायरी त्याच्याकडे द्यायची. त्याची ताईसुद्धा आता हे करू लागली आहे, आणि त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ती देत नाही, हे तर तिला फारच कठीण गेले.

एक गोष्ट मला विशेष वाटते. मॅडम दर भेटीत तुमच्या सुनेची झोप विचारतात. आपल्याकडे मूल अपंग असले की सगळा भार आईवर टाकून घर मोकळे होते आणि वर तिच्याच चुका काढते. अशा थकलेल्या बाईच्या हाती व्यायामांचा भलामोठा कागद दिला तर तो फ्रिजवर चिकटून राहतो. म्हणून मॅडमनी वेगळे व्यायाम कमी केले आणि तेच काम आंघोळ, जेवण, खेळात मुरवले. संध्याकाळची आंघोळ आता माझ्याकडे आहे. तुम्ही आल्यावर दुपारचे दोन तास तुम्ही सोनूजवळ बसलात आणि ती दार लावून झोपली, तर तोही थेरपीचाच भाग समजा.

बाबा, तुम्हांला इतिहासाची आवड म्हणून लिहितो. ही विद्या आपल्या देशात रुजवली ती कमला निंबकर यांनी. त्या मूळच्या अमेरिकेच्या, लग्नाने महाराष्ट्राच्या झाल्या. त्यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची देशातली पहिली शाळा सुरू केली आणि १९५२ साली या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजलाही हा अभ्यासक्रम आहे, आणि तिथे गडचिरोली, गोंदिया, अगदी छिंदवाड्याकडूनही आईबाप मुलांना कडेवर घेऊन येतात. ज्यांना पुन्हा महिनोन्‌महिने येणे होत नाही, त्यांना घरी करण्यासारखे थोडके आणि नेमके शिकवून पाठवणे, याहून मोलाचे काम मला तरी दिसत नाही.

खर्चाची काळजी करू नका. केंद्र सरकारच्या निरामय आरोग्य विमा योजनेत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि त्यात थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेपर्यंत येतो. एका शाळेने सोनूला घ्यायला नकार दिला तेव्हा तुम्ही फार अस्वस्थ झाला होता. परंतु २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, आणि आता ज्या शाळेत तो जातो तिथल्या बाईंनी मॅडमच्या सांगण्यावरून त्याच्या बाकाखाली पाय टेकायला फळी बसवून घेतली आहे.

आता तुमचे काम. यंदाचे उद्दिष्ट सोनूने स्वतःच सांगितले: तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, आपला लाकडी बैल आपण ओढत न्यायचा आणि बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारी भेटही, आपणच घ्यायची. मॅडमना हे फार आवडले, कारण यात दोन्ही हातांना काम आहे. डाव्याने दोरी, उजव्याने पिशवी. बाबा, आर्वीच्या आपल्या सुताराकडून बैल करून घ्या, पण तो बुटका, जड आणि रुंद बैठकीचा असावा, कारण सोनूच्या चालीला झटका बसतो आणि हलका बैल कलंडतो. दोरीच्या टोकाला मुठीत मावेल अशी लाकडी आडवी दांडी हवी. आई, बोजाऱ्याची पिशवी तू शीव; तिचा बंद जाड आणि थोडा ताठ ठेव, म्हणजे उजव्या मुठीत तो नीट बसेल, आणि पिशवीचे तोंड रुंद ठेव.

सराव करायला वेळ मिळावा म्हणून श्रावण लागला की लगेच निघा. मॅडमनी तुम्हां दोघांनाही बुधवारच्या सेशनला बोलावले आहे. मनात जे प्रश्न असतील, प्रसादाच्या हाताचासुद्धा, ते त्यांना निःसंकोच विचारा. आजी-आजोबांशी बोलायला त्या मुद्दाम जास्त वेळ ठेवणार आहेत. एसटीत बसलात की फोन करा, मी गणेशपेठच्या स्टँडवर घ्यायला येतो.

तुमचा,
बाळ