नळी काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शासकीय रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया कक्षात ३१ वर्षे अधिपरिचारिका म्हणून काम करून मी निवृत्त झाले. आजही आमच्या आळीत कोणाकडे रुग्ण घरी आला की ‘सिस्टर, जरा बघून जाता का?’ असा निरोप येतो आणि मी जाते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका घरी गेले, तेव्हा खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेल्या ७८ वर्षांच्या आजी हुडहुडी भरून आलेल्या तापाने ग्लानीत होत्या आणि घरच्या माणसांनाही ओळखत नव्हत्या. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी घातलेली लघवीची नळी पाच आठवड्यांनंतरही तशीच होती. खासगी रुग्णालयाने दिलेल्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या वेळा, टाके काढण्याची तारीख, व्यायामाच्या सूचना हे सगळे होते. नळीविषयी मात्र एक अक्षरही नव्हते. डॉक्टरांनी ठेवली आहे म्हणजे तिची गरज असेल, असे मुलाला वाटले आणि त्यात त्याची काही चूक नाही. आजींना पुन्हा दाखल करावे लागले, रक्तात पोहोचलेला जंतुसंसर्ग आटोक्यात यायला १२ दिवस गेले आणि नळी काढली त्याच संध्याकाळी त्यांना आपसूक लघवी झाली.

निरोगी माणसाच्या मूत्राशयात वरचेवर लघवी साठते आणि बाहेर पडते; त्या प्रवाहाबरोबर मूत्रमार्गात शिरलेले जंतूही धुऊन निघतात. नळी घातली की ही सफाई थांबते. शिवाय नळीच्या आतबाहेर जंतूंचा चिकट थर धरतो आणि त्या थरात औषध नीट पोहोचत नाही. नळी आत राहील तितक्या प्रत्येक दिवसाला लघवीत जंतू वाढण्याची शक्यता सुमारे ३ ते ७ टक्क्यांनी वाढते आणि महिनाभरात जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या लघवीत जंतू सापडतात. म्हणूनच शस्त्रक्रियेसाठी घातलेली नळी, ती ठेवण्याचे वेगळे कारण नसेल तर, शक्यतो २४ तासांच्या आत काढावी, असे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या २००९ सालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. लघवी पूर्ण अडली असेल, अत्यवस्थ रुग्णाच्या लघवीचे तासातासाला मोजमाप हवे असेल किंवा लघवीवर ताबा नसलेल्या रुग्णाच्या माकडहाडाजवळची जखम ओली राहून चिघळत असेल, तर नळी हवीच. परंतु अंथरूण ओले होते, बेडपॅन द्यायला माणूस नाही, एवढ्याच कारणासाठी ती ठेवू नये. आमच्या कक्षातही मनुष्यबळ कमी असताना हा मोह व्हायचा, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते.

नळी खरोखरच लागणार असेल, तर घरच्यांना कोणीतरी बसून समजावून सांगितले पाहिजे. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी. रुग्णाला चाकाच्या खुर्चीतून नेताना ती मांडीवर ठेवली जाते आणि पिशवीतली शिळी लघवी उलटी आत जाते, हे मी असंख्य वेळा पाहिले आहे. पिशवी जमिनीला टेकू नये, नळीला पीळ पडू नये आणि नळी व पिशवी यांचा सांधा उगाच उघडू नये. नळी मांडीला चिकटपट्टीने सैलसर बांधावी, कारण आतल्या टोकाला पाण्याने फुगवलेला फुगा असतो आणि झोपेत किंवा भ्रमात रुग्णाने नळी ओढली, तर त्या फुग्याने मूत्रमार्ग फाटतो. जागेची स्वच्छता साध्या साबणपाण्याने पुरते, जंतुनाशकाची गरज नसते. पुरुष रुग्णाची स्वच्छता करताना मागे सारलेली पुढची कातडी लगेच पूर्ववत पुढे आणायची असते. संकोचापोटी हे कोणी सांगत नाही. पण ती मागेच राहिली, तर काही तासांत सूज येऊन रक्तपुरवठा अडतो.

आणखी दोन चुका नेहमी दिसतात. नळीच्या बाजूने लघवी गळू लागली की अधिक जाड नळी घालून घेतली जाते. वास्तविक नळी साका धरून तुंबली आहे का, बद्धकोष्ठ आहे का किंवा मूत्राशय आकडी येऊन आवळतो आहे का, हे आधी पाहायला हवे. दुसरी चूक म्हणजे ताप नाही, पोटात दुखत नाही, केवळ तपासणीत जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक सुरू करणे. नळी असताना जंतू सापडणारच. त्या गोळ्यांनी ते जात नाहीत, उलट औषधाला दाद न देणारे जंतू मागे उरतात. मात्र थंडी वाजून ताप येणे, कमरेच्या वर पाठीत दुखणे, म्हाताऱ्या माणसाचे अचानक असंबद्ध बोलणे किंवा पिशवीत काही तास लघवीच न उतरणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आमच्या कक्षात प्रत्येक केसपेपरवर आम्ही लाल शाईने ‘नळी : दिवस दुसरा’, ‘दिवस तिसरा’ असे लिहीत असू आणि राउंडला डॉक्टर आले की ‘आज काढायची का?’ असे विचारत असू. त्या एका प्रश्नामुळे कित्येक नळ्या वेळेत निघाल्या. रुग्ण घरी गेला की हा प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही. त्यामुळे सर्व सरकारी व खासगी रुग्णालयांनी डिस्चार्ज कार्डावरच नळी कधी घातली, कशासाठी घातली, कोणत्या तारखेला काढायची किंवा बदलायची आणि त्यासाठी कुठे यायचे, एवढे छापील रकाने ठेवावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आरोग्य विभागाने तसा आदेश काढल्यास उत्तमच. तोवर निदान प्रत्येक कक्षातील परिचारिका भगिनींनी रुग्णाच्या नातेवाइकाकडून हात धुण्यापासून पिशवी रिकामी करण्यापर्यंतची कृती आपल्यासमोर एकदा करवून घ्यावी आणि मगच रुग्णाला घरी सोडावे.

– एक निवृत्त अधिपरिचारिका, सातारा